एक जूनचा मोती

वहिनी, तुझी अंगठी शेवटी साबणाने निघाली. तेल लावून झालं, तूप लावून झालं, ती हलायला तयार नव्हती. मग मुग्धाने भांडी घासायचा साबण आणला आणि तुझी करंगळी हातात धरून हळूहळू फिरवत राहिली. "आई, झालं हं, आणखी थोडंच," असं ती तुझ्याशी बोलत होती, तुला दुखेल म्हणून. निघाल्यावर तिने ती माझ्या हातात ठेवली. "आत्या, तुझ्याकडे असू दे. मला आत्ता बघवत नाही." मी ती रुमालात बांधली. बांधताना मोत्याच्या मागच्या बाजूला काहीतरी पिवळं दिसलं. म्हटलं, हळद अडकली असेल. जी बाई कणीक मळतानाही अंगठी काढत नव्हती, तिच्या अंगठीत हळद नाही तर काय सापडणार?

तू गेलीस त्याला आज दहा दिवस झाले. तुझ्या घरी माणसं येतात, चहा घेतात, तू किती शांत होतीस ते एकमेकांना सांगतात आणि जातात. मी मान हलवते. तू शांत होतीस हे खरं, पण माझ्याशी तू चाळीस वर्षं भांडलीस आणि आपल्या भांडणाचा विषय बहुतेक वेळा एकच असायचा, हे त्यांना कोणी सांगायचं? मला अजून तुझ्याशी भांडायचं आहे आणि तू जागेवर नाहीस. फार गैरसोय झाली आहे माझी.

सुरुवात कॅलेंडरने झाली होती, आठवतं? दादाशी तुझं लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते. बाजारातल्या कुठल्याशा पेढीने दिलेलं कॅलेंडर आपल्या स्वयंपाकघरात लागलं. त्याच्या शेवटच्या पानावर बारा महिने आणि बारा खडे छापले होते. जानेवारीला अमुक, फेब्रुवारीला तमुक. तू जूनवर बोट ठेवून ओरडलीस, "सुलू, मोती! माझ्या पत्रिकेतसुद्धा मोतीच आहे!" पत्रिकेत तुझी कर्क रास, कर्केचा स्वामी चंद्र आणि चंद्राचं रत्न मोती. इकडून इंग्रजी महिना आणि तिकडून रास, दोघांनी एकच साक्ष दिली म्हटल्यावर तुझा आनंद काय विचारता. सोमवारी सकाळी चांदीतली ती अंगठी कच्च्या दुधात बुडवून तू करंगळीत घातलीस.

मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायला नुकती लागले होते. नव्या मास्तरणीला गप्प कसं बसवेल? मी म्हटलं, "वहिनी, तुझा वाढदिवस एक जून कुणी ठरवला?" तू म्हणालीस, दाखल्यावर आहे. मी म्हटलं, "दाखल्यावर हेडमास्तरांनी लिहिलाय. जूनमध्ये शाळा सुरू होते, पोराला सहा वर्षं पुरी झालेली दिसायला हवीत, म्हणून ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरमध्ये बघ, पानंच्या पानं एक जूनची आहेत. या सगळ्यांचा खडा मोती, असं म्हणायचं का? तुझं रत्न चंद्राने नाही, हेडमास्तरांनी काढलंय." दादा जेवता जेवता इतका हसला की त्याला ठसका लागला. तू त्याला पाणी दिलंस आणि मला भाजी वाढली नाहीस.

तुझा खरा वाढदिवस मला तुझ्या आईने सांगितला. तुझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील, पळस्प्याच्या पलीकडे तुमच्या गावी आपण आंब्यांना गेलो होतो. तू विहिरीवर होतीस. तुझी आई, काकी म्हणायचे मी त्यांना, ओसरीवर कैऱ्या चिरत होत्या. मी सहज विचारलं. "तारीख कोणाला ठाव, ताई? आमची पोर गटारीची. घरात सगली कोंबडीच्या मागं आनि मी बालंतपनाच्या कला देतेय," असं म्हणून त्या हसल्या. गटारी म्हणजे आषाढातली अमावास्या. परत येताना एसटीत मी तुला चिडवलं, की अमावास्येला आकाशात चंद्रच नसतो आणि तू चंद्राचा खडा घालून मिरवतेस. तू खिडकीबाहेर बघत होतीस. तशीच म्हणालीस, "नाही म्हणून तर घालायचा. ज्याच्याकडे भरपूर आहे त्याला कशाला खडा लागतो?" मग मी म्हटलं की मोती मुळात खडाच नाही, शिंपल्यातल्या किड्याला कचरा टोचतो म्हणून तो भोवती लेप चढवतो. तू म्हणालीस, "बरं, मग त्याला किती टोचलं असेल बघ."

काकींनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती मी तुला सांगितली नाही. कैरीच्या फोडी मिठात टाकता टाकता त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "ताई, तुमी शिकल्याल्या, तुमाला त्याचं काय नाय म्हनून बोलते. पोरीला मंगल होता. कोन पत्करनार? मग यांनी जन्माची येल तीन तास फुडं घेऊन दुसरी पत्रिका करून आनली. रास तीच ऱ्हायली, मंगल तेवढा हलला. पोरीला ठाव नाय. तुमी बोलू नका." मी नाही बोलणार म्हटलं. मी मंगळ मानत नव्हते, शनी मानत नव्हते, त्यामुळे गुपित सांभाळायला मला काही कष्ट पडले नाहीत. उलट मला स्वतःचं कौतुकच वाटायचं. पनवेलमध्ये कितीतरी घरं मंगळापायी मोडलेली मी बघितली होती. आमच्या घरात तो मंगळ निमूट नांदत होता, दादाला साधा तापसुद्धा येत नव्हता आणि हे फक्त मला माहीत होतं.

तू मात्र माझ्या पत्रिकेची काळजी करायचीस. माझी रास धनू आणि जन्म नोव्हेंबरचा, तोही दवाखान्यातला, दाखल्यावरचा, खरा. म्हणजे माझाही खडा दोन्हीकडून एकच, पिवळा. पुष्कराज घाल, गुरुबळ येतं, लग्न जमतं, असं तू तीन वर्षं माझ्या मागे लागली होतीस. गुरुवारचा उपास धर म्हणालीस. मी नाही म्हटल्यावर माझ्या नावाने तूच धरलास. "दुसऱ्याच्या नावाने उपास चालतो," असं तू मला समजावून सांगितलंस. मी म्हटलं, "छान. उपास तू कर, खिचडी मी खाते." आणि मी खरंच खात होते. शेंगदाण्याचं कूट थोडं जाडसर, वर खोबरं, मिरची तुपात तळून घेतलेली. तशी खिचडी कुणालाच जमत नाही.

मी तिशीची झाले त्या दिवशी तू सगळ्यांसमोर मला अंगठीची डबी दिलीस. पिवळा खडा, तुरीच्या दाण्याएवढा, तर्जनीच्या मापाचा. त्या वयात माझ्या लग्नाचा विषय काढला की माझं डोकं फिरायचं, हे तुला माहीत होतं. तरी तू दिलीस. मी रागाच्या भरात काय केलं, तेही आज लिहिते. दुसऱ्या दिवशी मी तो खडा शाळेच्या प्रयोगशाळेत नेला. आमच्याकडे खनिजांच्या काठिण्याची पेटी होती, संगजिऱ्यापासून सुरू होणारी. तिच्यातला कुरुंदाचा तुकडा मी घेतला. खरा पुष्कराज कुरुंदाच्याच जातीचा, त्याच्यावर सहज ओरखडा उठायचा नाही. मी खडा टेबलावर धरला आणि कुरुंद जोर लावून ओढला. सरळ, लांब ओरखडा उठला. संध्याकाळी मी घरी येऊन अंगठी तुझ्यापुढे ठेवली आणि दादादेखत म्हटलं, "वहिनी, ही रंगीत गारगोटी आहे. तुला फसवलंय." तू ओरखडा बघितलास. त्यावरून बोट फिरवलंस. "फसवलं तर फसवलं," म्हणालीस आणि डबी उचलून आत नेलीस. पुष्कराजाचं नाव पुन्हा माझ्यासमोर काढलं नाहीस. गुरुवार मात्र चालू ठेवलास. लग्न मी केलं नाही, त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही. सुकापूरला स्वतःचं घर घेतलं, गुरुवारी खिचडीला आणि रविवारी जेवायला तुमच्याकडे येत राहिले. तो ओरखडा मात्र मला कधीमधी आठवायचा आणि मी दुसऱ्या कामाला लागायचे.

आता ज्यासाठी लिहायला बसले आहे ते लिहिते.

सहा वर्षांपूर्वी दादा गेला. उभा होता आणि पडला, एवढंच. तेराव्याला माणसं जेवून गेली. स्वयंपाकघरात तू आणि मी दोघीच होतो. तू चहा गाळत होतीस. तुझा हात स्थिर होता. तेरा दिवस तुझा हात स्थिरच होता, आल्यागेल्याला तू विचारत होतीस, जेवलात का, गाडी मिळेल का. मी रडून रडून सुजले होते आणि मला तुझा तो स्थिर हात सहन होत नव्हता. तू म्हणालीस, "डॉक्टरांनी खूप केलं गं, सुलू." आणि मी म्हणाले, "डॉक्टर काय करणार? मंगळ लपवून लग्न लावल्यावर दुसरं काय व्हायचं?"

मी म्हणाले. जिने तुझ्या मोत्याची, उपासांची, कच्च्या दुधाची टिंगल केली, ती मी.

तुझा हात तेव्हाही हलला नाही. गाळणी तू नीट बशीवर ठेवलीस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तू कधीपासून मानायला लागलीस?" मग कप माझ्यापुढे सरकवलास. साखर बरोबर होती.

त्यानंतर आपण त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. मी येत राहिले, तू वाढत राहिलीस. आपण लोणच्यावर भांडलो, मुग्धाच्या नोकरीवर भांडलो, माझ्या गुडघ्यावर कुठला लेप लावायचा यावर भांडलो. माफी मागायची म्हणून मी कितीदा सुकापूरहून रिक्षात बसले असेन. तुझ्या दारात आले की तू म्हणायचीस, "आधी हात धू," आणि माझा धीर सुटायचा. सहा वर्षं मला एकच गोष्ट खात होती. जी गोष्ट तुझ्या आईने तुझ्यापासून लपवली, ती तुला माझ्याकडून कळली, आणि तीही नवरा गेल्यावर तेराव्या दिवशी. नुसतं टोचलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मी तुझ्या डोक्यात असा विचार घातला, जो तू एकटीनेच करत बसली असशील. आपल्यामुळेच गेला का?

काल मी बाजारात गेले. मुग्धाला आता तो मोती घालायचा आहे, पण तो पार पिवळट पडलाय. सराफ म्हणतात तसा मेलाय. पॉलिश होईल का बघावं म्हणून तुझ्या जुन्या कारागिराकडे, इब्राहिमभाईंकडे गेले. तू त्यांच्याकडे जायचीस एवढंच मला माहीत होतं. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, डोळ्याला भिंग लावून अजून स्वतः खडे बसवतात. अंगठी बघितल्याबरोबर त्यांनी विचारलं, "भाभी?" मी मान खाली घातली. "अल्ला त्यांना सुकून देवो," म्हणाले आणि अंगठी तळहातावर घेतली.

मी म्हटलं, "मागे हळद अडकली आहे, तेवढी काढा." त्यांनी ब्रशने घासलं. पिवळं निघालं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. "बाई, तुमाला ठाऊक नाय?" त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. मोत्याच्या पाठीमागे, जिथे रिंग उघडी असते आणि मोती बोटाला टेकतो, तिथे दुसरा खडा होता. पिवळा, तुरीच्या दाण्याएवढा. आणि त्याच्यावर एक ओरखडा होता. सरळ, लांब. वहिनी, मी भिंग आणखी जवळ नेलं. प्रयोगशाळेचं ते टेबल मला दिसलं.

इब्राहिमभाई सांगत होते. "ही रिंग माझ्याच हातची. लग्नाला साल झाला नव्हता तवा भाभी एकट्या आल्या. बोलल्या, मोत्याच्या खाली पोवळं बसवा, कुणाला दिसता नये. मी बोललो, असं कोण करत नाय, मोती अंगाला लागलाच पाहिजे, नायतर फायदा काय? तर बोलल्या, मोती लोकांना दिसू दे, पोवळं मला लागू दे."

पोवळं म्हणजे मंगळाचा खडा. हे मलासुद्धा माहीत आहे. लग्नाला वर्ष व्हायच्या आत, म्हणजे काकींनी मला ओसरीवर सांगितलं त्याच्याही आधीपासून तुला सगळं ठाऊक होतं. तुला कुणी सांगितलं, जुनी पत्रिका तुझ्या हाती लागली की आणखी काही, हे आता कधीच कळणार नाही. छत्तीस वर्षं तू दादासाठी ते पोवळं हाताशी धरून वावरलीस. ती अंगठी मोत्याच्या मानाने उंच दिसायची, पदराला अडकायची, मी म्हणायचे सैल करून घे, उतरवून ठेव, आणि तू हसून विषय बदलायचीस. म्हणजे मी तुला नवीन काही सांगितलं नव्हतं. जिथे तू इतकी वर्षं हात दाबून धरला होतास, नेमकं तिथेच मी मारलं होतं. दुकानाच्या स्टुलावर बसून मला हे कळलं आणि मी उठून बाहेर जाणार होते, पण इब्राहिमभाईंचं सांगणं संपलं नव्हतं.

"तुमचे भाऊ गेले, तेराव्याला चार दिवस झाले असतील. भाभी परत आल्या. बोलल्या, पोवळं काढा, त्याचं काम संपलं. आणि पदराच्या गाठीतनं हा काढला. मी बोललो, भाभी, हा अस्सल पुष्कराज नाय, सुनेला नावाचा खडा आहे, त्याचं उपरत्न. आणि वरून खराब झालाय, ओरखडा बघा. तर बोलल्या, ओरखडा अंगाच्या बाजूला घ्या. मी इचारलं, कुणासाठी? बोलल्या, माझ्या नणंदेचा आहे. ती काय घालायची नाय. आता तिला भाऊ पण नाय, मग कुणीतरी घालायला हवा ना."

चार दिवस, वहिनी. मी ते बोलल्यावर चार दिवसांनी.

मी दुकानात रडले. इब्राहिमभाईंनी पंखा माझ्याकडे वळवला आणि दुसरं काम हातात घेतलं.

तू विचारलं होतंस, मी कधीपासून मानायला लागले. सहा वर्षं उशीर झाला, पण उत्तर देते. मी मानायला लागले नव्हते. त्या दिवशीही मानत नव्हते, आजही मानत नाही. मंगळाने माझा भाऊ नेला असं मला एक क्षणभरसुद्धा वाटलं नाही. मला फक्त तुला दुखवायचं होतं. माझ्याइतकं तुलाही दुखतंय हे मला बघायचं होतं आणि तुझा हात काही केल्या हलत नव्हता. माझ्याकडे एवढं एकच हत्यार होतं, ते मी वापरलं. तुला ते कळलं होतं, नाही का? म्हणून तू भांडली नाहीस, म्हणून तो प्रश्न विचारलास. मला तेव्हाच "नाही गं, चुकले" म्हणता आलं असतं. तू त्यासाठी जागा करून दिली होतीस आणि मी चहा प्यायले. वहिनी, मला माफ कर. खडा काही करत नाही, हे मी अजूनही म्हणेन. पण सहा वर्षं माझा ओरखडा करंगळीला लावून तू मला खिचडी वाढत होतीस, आणि ती मी खात होते.

इब्राहिमभाईंनी विचारलं, मोती नवा बसवू का, पिवळा काढून तुम्हाला वेगळा देऊ का. मी म्हटलं, काही बदलू नका, फक्त धुऊन द्या.

आज सकाळी मी मुग्धाला सगळं सांगितलं. हेडमास्तरांपासून कुरुंदापर्यंत, आणि तेराव्याच्या दिवशी मी काय बोलले तेही. मग अंगठी उलटी करून तिने ओरखड्यावरून बोट फिरवलं, अगदी तुझ्यासारखं. तिने ती करंगळीत घातली. बसली. हात लांब धरून बघितला आणि मला विचारलं, "आत्या, मी घातली तर तुझ्या नावाने चालेल का?"

मी काय म्हणाले असेन, सांग.

"चालेल," म्हणाले.